चाळीस जीबीच्या डिस्कची वंशावळ

नगरकडच्या माणसाला 'साठा' म्हटलं की आधी पाणी आठवतं. पावसाळ्यात सकाळी पेपर हातात आला की मुळा किती भरलं, भंडारदरा किती भरलं हे बघायचं, मग बाकीच्या बातम्या. मुळा २६ टीएमसी, भंडारदरा ११ टीएमसी, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्यामुळे आमच्याकडे जेव्हा घरात कॉम्प्युटर आला आणि दोन-तीन वर्षांत "डिस्क फुल" असं म्हणायला लागला, तेव्हा कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. साठा कमी पडणं ही आपल्या जिल्ह्याची जुनीच गोष्ट. कमी पडला की वाढवायचा!

तर आज हा साठा वाढवण्याचाच इतिहास लिहायचा आहे. राजेमहाराजांचा नाही, टेबलाखालच्या त्या पांढऱ्या (पुढे पिवळट पडलेल्या) डब्याचा, ज्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणायचो. ज्या भाच्या-पुतण्यांनी तो डबा उघडलेला कधी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी जरा सुरुवातीपासून सांगतो.

हार्ड डिस्कचा मूळपुरुष सप्टेंबर १९५६ मधला. आयबीएमच्या 'रॅमॅक' नावाच्या यंत्राला जोडलेल्या त्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरायच्या. कपाटाएवढा आकार, वजन साधारण एक टन, आणि एवढं करून त्यात मावायची ५० लाख अक्षरं. म्हणजे किती? आपल्या मापात सांगतो. ज्ञानेश्वरीत साधारण ९००० ओव्या आहेत. एका ओवीत काना-मात्रा-वेलांट्या धरून ७५-८० चिन्हं पकडली तर सगळी ज्ञानेश्वरी ७ लाख चिन्हांच्या आसपास जाते. हा अर्थात माझा ढोबळ हिशोब. पण त्या हिशोबाने एक टनाच्या त्या धुडात सात ज्ञानेश्वऱ्या बसल्या असत्या. (देवनागरी त्याला येत नव्हतं ही गोष्ट वेगळी.)

पुढची पायरी १९८० ची. सीगेट कंपनीने ५ एमबीची डिस्क सव्वापाच इंचात बसवली. रॅमॅकएवढाच माल, पण हातात धरता येईल असा. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची डिस्क आली आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरला स्वतःचं कोठार मिळालं. १९८६ च्या सुमारास ती आयडीई पद्धत आली, जिने पुढची वीस वर्षं आपल्या सगळ्यांच्या डब्यांवर राज्य केलं. एका चपट्या करड्या पट्टीला दोन डिस्क जोडता येतात, एक मास्टर आणि एक स्लेव्ह. डबा उघडणाऱ्याला एवढं व्याकरण आलं की बास.

आपल्या जिल्ह्यात घरोघरी कॉम्प्युटर पोचायला मात्र पुढचं शतक उजाडावं लागलं. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली. सरकारी नोकरीसाठी सर्टिफिकेट लागतं म्हटल्यावर तालुक्याच्या गावांतून क्लास निघाले, आणि क्लासमध्ये शिकलेलं घरी गिरवायला म्हणून घरात पीसी. 'असेंबल्ड'च घ्यायचा. ब्रँडेड म्हणजे चैन. आमच्याकडे २००३ मध्ये आला त्यात ४० जीबीची डिस्क होती. जोडून देणाऱ्या मुलाने वडिलांना सांगितलं, "काका, ही आयुष्यभर पुरेल." त्याचे दोन भाग केलेले, सी आणि डी. सी म्हणजे विंडोज, तिकडे हात लावायचा नाही. डी आपला.

"आयुष्यभर पुरेल" या वाक्यावर जरा थांबू या, कारण डिस्कचा सगळा इतिहास त्या एका वाक्याच्या अवतीभवती फिरतो. दर काही वर्षांनी कुणीतरी हुशार माणसांनी ठरवलं की एवढं पुरे, आणि दर काही वर्षांनी त्या भिंतीला लोकांचं डोकं आपटलं. पहिल्या मोठ्या भिंती पाहा:

जुन्या बायोसला १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर एवढेच मोजता यायचे. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की ५२ कोटी ८४ लाख बाइट, म्हणजे ५०४ एमबी. त्यापुढची डिस्क आणा, कॉम्प्युटरला ती दिसायचीच नाही. ती भिंत पाडली तर पुढे ८.४ जीबीची. डॉसच्या जुन्या फॅट पद्धतीत एक भाग २ जीबीपेक्षा मोठा करता येत नव्हता. त्यासाठी १९९६ मध्ये फॅट३२ आलं. मग १३७ जीबीची भिंत, कारण डिस्कवरच्या घरांना नंबर द्यायला २८ बिटांचीच जागा ठेवलेली. आणि त्यानंतर २.२ टीबीची, कारण पार्टिशनच्या नोंदवहीत ३२ बिटांचाच आकडा लिहिता येत होता.

प्रत्येक ठिकाणी तेच. वहीत आकडा लिहायचा रकानाच अरुंद आखलेला. तलाठ्याच्या वहीत क्षेत्राच्या रकान्यात तीनच आकडे मावत असतील तर हजार एकरवाल्याची नोंद कशी होणार? जमीन आहे, पण कागदावर नाही. तसं! आता आखणाऱ्यांना हसणं सोपं आहे, पण रकाना रुंद करायलाही बाइटच लागतात आणि ज्या काळात तो आखला त्या काळात बाइट सोन्याच्या भावाने मिळत होते. काटकसर होती ती.

असो. तर आमची आयुष्यभराची ४० जीबी चार वर्षांत संपली. कशाने संपली? अक्षरांनी नाही. मराठी युनिकोडमध्ये लिहिलं की एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात. तरीसुद्धा ज्ञानेश्वरी २० लाख बाइटच्या आसपास राहते, आणि ४० जीबीत तिच्या वीसेक हजार प्रती मावतात. जागा खाल्ली ती चित्रांनी आणि आवाजाने. त्या काळात घरात लग्न झालं की फोटोग्राफर अल्बमसोबत व्हीसीडीचे दोन-तीन तुकडे द्यायचा. हळद एकीवर, लग्न दुसरीवर, वरात तिसरीवर. एकेक सीडी ६५०-७०० एमबीची. ती दर वेळी ड्राइव्हमध्ये घालून तिच्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून डी ड्राइव्हवर कॉपी. तीन लग्नं झाली की सहा जीबी साफ! मग एमपीथ्री गाणी, मग डिजिटल कॅमेरा.

आणि एक कॅसेट. हिच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

आजोबांचा आवाज १९९४ मध्ये टेपरेकॉर्डरवर धरून ठेवलेला होता. तासाभराची कॅसेट. त्यात ते १९७२ च्या दुष्काळाची हकीकत सांगतात. खडी फोडायची दुष्काळी कामं, सुकडी, तो लाल मिलो आणि त्याच्या भाकरीची चव, विकलेली बैलजोडी. हे सगळं अंगणात बसून रेकॉर्ड केलेलं, त्यामुळे मागे चिमण्या आहेत, आजीने मधूनच केलेली दुरुस्ती आहे ("अहो, चैत्रात नाही, फाल्गुनात विकली"), गोठ्यातल्या घुंगरांचा आवाज आहे. २००४ मध्ये टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडून ती आम्ही उतरवून घेतली. पूर्ण दर्जात उतरवलं की मिनिटाला १० एमबी लागतात. तासाचे झाले ६३५. डी ड्राइव्हवर तेव्हा जेमतेम दीड जीबी शिल्लक. म्हणून मोठी फाइल एका सीडीवर लिहिली आणि कॉम्प्युटरवर तिचं एमपीथ्री करून ठेवलं, तेही बारीक, ६४ केबीपीएस. ६३५ एमबीचे २९ एमबी झाले. सगळ्यांना मोठं कौतुक वाटलं, शब्दन् शब्द कळतो आणि जागा विसावा हिस्सा!

पुढे ती कॅसेट एका डेकने खाल्ली. पण सीडी आहे म्हणून कुणी फार हळहळलं नाही.

२००७ मध्ये नवीन डिस्क आणायचं ठरलं. नगरमध्ये मिळायची, पण पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन पैसे स्वस्त मिळते असा समज असल्याने पुण्याहून येणाऱ्या चुलतभावाला सांगितलं. रुपेरी पिशवीत गुंडाळलेली डिस्क मांडीवर घेऊन तो एस.टी.ने आला. (एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला याच पुणे-नगर रस्त्यावर धावली होती. तेव्हापासून या रस्त्याने काय काय वाहून आणलंय!) १६० जीबीची डिस्क. डबा आडवा केला, स्क्रू काढले, मागची जंपरची पिन स्लेव्हवर सरकवली, पट्टीची लाल कड पॉवरच्या बाजूला. कॉम्प्युटर सुरू. आणि दिसली किती? १२७ जीबी!

वर सांगितलेली १३७ ची भिंत ती हीच. कंपनीचे १३७ ते विंडोजचे १२७-१२८. मूळ एक्सपीला त्यापलीकडचं दिसायचं नाही. २००२ चा सर्व्हिस पॅक टाकल्यावर दृष्टी सुधारली, आणि आकडा झाला १४९. तरी अकरा कुठे गेले म्हणून घरात चर्चा. यात फसवणूक नव्हती, मापाचा फरक होता. कंपनी हजाराची पायरी धरते, विंडोज १०२४ ची. पूर्वी पायली गावोगाव वेगळी भरायची म्हणतात, त्यातला प्रकार. ज्यांनी वाड्यावस्तीवर धान्य मोजलंय त्यांना हे चटकन कळतं.

योगायोग म्हणजे त्याच वर्षी, २००७ मध्ये, भौतिकशास्त्राचं नोबेल आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग या दोघांना मिळालं, तेही आपल्या डिस्कशी संबंधित कामासाठी. लोखंडासारख्या चुंबकीय धातूचे आणि अचुंबकीय धातूचे अतिपातळ थर आलटूनपालटून एकावर एक रचले, तर अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्रानेही त्यांचा विद्युतरोध खूप बदलतो, हे त्यांनी १९८८ मध्ये स्वतंत्रपणे शोधलं होतं. त्याचा फायदा असा की तबकडीवरची खूण बरीच बारीक केली तरी ती वाचता येते. आयबीएमने १९९७ मध्ये हे तंत्र डिस्कमध्ये आणलं, आणि त्यानंतर जो धबधबा सुरू झाला त्यात आपण सगळे भिजलो. २००७ मध्येच १ टीबीची पहिली डिस्क बाजारात आली.

पण जागा वाढवणं म्हणजे नुसती डिस्क लावणं नाही. नवीन डिस्कवर जुन्यातलं न्यायला लागतं. आमच्याकडे त्याला अख्खा रविवार गेला. लोडशेडिंगचे दिवस होते. कॉपी अर्ध्यावर आणि लाइट गेली तर फाइल तुटणार, म्हणून लाइट जायच्या-यायच्या वेळा बघून काम लावलेलं. सगळे भोवती बसलेले. हे फोल्डर न्यायचं का? हे गाणं दोनदा आहे. हा कोण? हा फोटो कुठला? अरे, ही तर संगमनेरची आत्या, किती बारीक होती! घरातला जुना फोटोअल्बम एवढ्या बारकाईने आम्ही कधी बघितला नव्हता तेवढा त्या दिवशी डी ड्राइव्ह बघितला. नावं नसलेल्या फाइलींना नावं दिली. 'डीएससी००१४७' चं 'शेवगाव बारसं' झालं. आजोबांची ती २९ एमबीची फाइल 'नगर' नावाच्या फोल्डरमध्ये गेली.

तिसरी वेळ २०१२ ची. २०११ च्या शेवटी थायलंडमध्ये मोठे पूर आले. जगातल्या डिस्कचा मोठा हिस्सा तिथे तयार व्हायचा, कारखाने पाण्यात गेले, आणि भाव जवळजवळ दुप्पट झाले. कुठे बँकॉकजवळचं पाणी आणि कुठे नगरमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानातलं दरपत्रक! महापुराने साठा कमी होतो हे आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. भाव जरा उतरल्यावर १ टीबीची डिस्क घेतली. यावेळी करडी पट्टी गेली, सॅटाची बारीक लाल वायर आली. जंपर नाही, मास्टर-स्लेव्ह नाही.

पुन्हा एक रविवार. आता जागाच जागा होती, म्हणून आजोबांची ती मोठी, पूर्ण दर्जाची फाइल सीडीवरून घ्यायची ठरली. सीडी कव्हरमध्ये जपून ठेवलेली, एक ओरखडा नाही. ड्राइव्हमध्ये घातली. घरघर, घरघर, आणि काही नाही. तीन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर बघितली. घरी लिहिलेल्या सीडीत माहिती एका रंगाच्या थरात असते, आणि तो थर उन्हाने, उष्णतेने, कधी नुसत्या वयानेही खराब होतो. आठ वर्षांत हिचा झाला होता.

म्हणजे राहिली ती २९ एमबीची बारीक फाइल. शब्द सगळे आहेत. बैलजोडी आहे, मिलो आहे, आजीची फाल्गुनाची दुरुस्तीसुद्धा आहे. पण मागची घुंगरं पाण्याखालून वाजल्यासारखी येतात आणि चिमण्यांची नुसती सळसळ झाली आहे. ते परत मिळणार नाही.

त्या दिवसानंतर मला नेवाशाची गोष्ट वेगळी दिसायला लागली. आपल्या जिल्ह्यात प्रवरेच्या काठी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असं मानतात त्याला पैसाचा खांब म्हणतात. पैस म्हणजे विस्तीर्ण, मोकळी जागा. 'ऐसपैस' मधला पैस तोच. सच्चिदानंदबाबांच्या हातची ती मूळ प्रत आज आपल्याकडे नाही. मग ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत आली कशी? कुणी ना कुणी बसून ती उतरवून घेतली म्हणून. पुढच्याने त्यावरून उतरवली. उतरवताना चुकाही झाल्या, पाठ बदलले. तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये (१५८४), शेजारच्या पैठणला एकनाथ महाराजांनी शुद्ध प्रत सिद्ध केली. ती करायला त्यांच्या हातात काहीतरी होतं, कारण मधल्या पिढ्यांनी नकला करणं थांबवलं नव्हतं.

आमच्या घरातही तेच झालं, लहान प्रमाणात. जी फाइल चांगली होती, जपून, हात न लावता ठेवली होती, ती गेली. जी रोजच्या डिस्कवर, गाण्यांच्या आणि लग्नांच्या गर्दीत पडलेली होती, दर वेळी जागा वाढवताना जिला उचलून पुढे नेलं, ती राहिली. वस्तू टिकते ती जागेमुळे नाही, उतरवून घेतल्यामुळे टिकते, एवढंच मला या सगळ्या इतिहासातून कळलं आहे. डिस्क भरणं ही कटकट वाटायची खरी. पण ती भरायची म्हणून दर चार-पाच वर्षांनी घर एकत्र बसायचं, काय न्यायचं आणि काय सोडायचं ते ठरवायचं, आणि ठरवता ठरवता सगळं पुन्हा एकदा बघायचं.

चौथी वेळ २०१८ ची. कॉम्प्युटर हळू झाला म्हणून २४० जीबीची एसएसडी टाकली. तिच्यात फिरणारं काहीच नाही, तबकडी नाही, आवाज नाही. ती फक्त विंडोजला. १ टीबीची जुनी डिस्क तशीच बाजूला ठेवली. म्हणजे त्या वेळी काही न्यायलाच लागलं नाही. अर्ध्या तासात काम झालं आणि कुणी भोवती बसलंही नाही. फोटो तर आता फोनवरून परस्पर कुठेतरी वर जातात. तिथली जागा संपली की महिन्याचे थोडे पैसे भरायचे, की झाली वाढ. स्क्रू नाही, रविवार नाही. सोय मोठी आहे, मी तक्रार करत नाही. पण जागा आपोआप वाढते तेव्हा "हा फोटो कुठला?" हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि ज्यांना उत्तर माहीत आहे ती माणसं दरवर्षी कमी होत जातात.

धरणात गाळ साठतो तसं आहे हे. आकडा २६ टीएमसीच राहतो, पण पाण्याची जागा गाळाने भरत जाते. नुसती भिंत उंच करून भागत नाही, अधूनमधून तळ बघावा लागतो.

म्हणून नातेवाईक मंडळींना एक सुचवतो. डिस्क भरायची वाट बघू नका. येत्या दिवाळीत सगळे जमतील तेव्हा एक दुपार काढू. ज्याच्या त्याच्या घरी माळ्यावर जुने डबे असतील त्यातल्या आयडीई डिस्क घेऊन या. त्या यूएसबीला जोडायचा अडॅप्टर माझ्याकडे आहे. लग्नाच्या व्हीसीडीही आणा, किती चालतात बघू. आजोबांच्या फाइलच्या प्रती प्रत्येक घरी एक अशा देतो. 'नगर' फोल्डरचं नाव मी बदललेलं नाही. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण आजोबा त्या फाइलमध्ये "नगरच्या बाजारात बैल विकले" असंच म्हणतात.

आणि ऐकताना आजीचं ते वाक्य आलं की कुणीतरी लिहून घ्या, साधारण सतराव्या मिनिटाला आहे. फाल्गुनात विकली, चैत्रात नाही.